हळव्या तोंडाची घोडी

आपल्या भाषेनें लगामास फार मोठा मान दिला आहे. फाजील बोलणाऱ्यास आपण तोंडाला लगाम घालावयास सांगतों, मनास येईल तसें वागणाऱ्यास बेलगाम म्हणतों, आणि घरखर्च हाताबाहेर जाऊं लागला म्हणजे त्यासही लगामच घालावा लागतो. फारसींतून आलेला हा शब्द घोडदळांबरोबर आपल्याकडे रुळला आणि घोडे गेले तरी मागें राहिला. म्हणूनच, ज्यांनीं जन्मांत कधीं घोड्याच्या पाठीवर हात फिरविला नाहीं त्यांच्याही मनांत एक गोष्ट पक्की बसलेली असते. ती ही कीं, तोंडांतून लोखंड काढलें कीं जनावर हातचें गेलें. या एका समजुतीपायीं आमच्या आप्तांच्या घरीं गेल्या वर्षीं मोठा पेंच पडला होता. तो कसा सुटला, अथवा खरें सांगावयाचें तर कितपत सुटला, ती हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमच्या मावसबहिणीचें, म्हणजे ताईचें, सासर जालना जिल्ह्यांत भोकरदन तालुक्यांत आहे. वाडा जुना, मोसंबीची बाग बऱ्यापैकीं, आणि माझे मेहुणे शाळेंतील नोकरींतून निवृत्त होऊन शेतीकडे लक्ष देणारे. त्यांची धाकटी मुलगी पुण्यास शिकत असतां घोड्यावर बसावयास शिकली आणि परत आली ती घोडी हवी असा हट्ट घेऊनच. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार साऱ्या मराठवाड्यास ठाऊक आहे. त्या बाजारांतून मेहुण्यांनीं तीन वर्षांपूर्वीं एक कुमाईत रंगाची, अंगानें लहान पण पायांची मजबूत अशी देशी घोडी आणली. कपाळावरील पांढऱ्या ठिपक्यावरून तिचें नांव चांदणी पडलें.

पहिलें वर्ष बरें गेलें. पुढें मात्र लगाम दिसतांच चांदणी मान उंच करूं लागली. लगाम कसाबसा चढला तर ती तोंड वासून चाले, जीभ लोखंडावरून बाहेर काढी आणि जरा वाग खेंचली कीं डोकें आभाळाकडे फेंकी. एकदां तर ओठांवरील फेंसांत तांबडी रेघ दिसली. त्यानंतर आठच दिवसांनीं ती बांधावरून उधळली आणि माझी भाची खालीं येऊन तिचें मनगट मोडलें. बापाचें काळीज तें! मेहुण्यांनीं त्याच रात्रीं ठरवून टाकलें कीं, पुढच्या यात्रेंत घोडी विकावयाची. शेजारच्या गांवच्या एका चाबुकस्वारानें मात्र दुसरा उपाय सुचविला. त्यानें आपल्या पिशवींतून कांटेरी लगाम काढून दाखविला आणि म्हणाला, "चार दिवस हा घाला, मेंढरासारखी चालेल."

भाचीनें मला पत्र लिहिलें तें या दोन उपायांच्या कात्रींत सांपडून. एक उपाय घोडी घरांतून घालविणारा आणि दुसरा तिचें तोंड फाडणारा. मी तरुणपणीं कांहीं वर्षें घोड्यांच्या सहवासांत काढलीं हें तिला आईकडून कळलें होतें. तिनें विचारलें होतें, "मामा, तोंडांत लोखंडच नाहीं असे लगाम मिळतात म्हणे. त्यांतला कोणता घ्यावा?"

हा प्रश्न वाचून मला आनंद झाला नाहीं, तर जुनी लाज आठवली. विशींत असतां मी ज्या घोड्यावर बसावयास शिकलों तोही आरंभीं असाच हळवा होता. वाग हातांत घट्ट धरली म्हणजे आपण घोडा धरला असें मला वाटे. तो मान झटकी. मी अधिक ओढीं. वर्षभरांत त्यानें मान झटकणें सोडून दिलें आणि मी तें आपलें यश समजलों. पुढें तो कितीही ओढलें तरी थांबेना, तेव्हां पागेंतील लोक त्यास कठीण तोंडाचा म्हणूं लागले. फार वर्षांनीं मला उमगलें कीं, घोडा कठीण तोंडाचा जन्मास येत नाहीं. कठीण तोंडाचा घोडा हा बहुधा एके काळचा हळव्या तोंडाचाच घोडा असतो. त्याचें कोणी ऐकलें नाहीं एवढेंच. चांदणी अजून मान झटकीत होती, म्हणजे ती अजून सांगत होती. तेवढ्याचसाठीं मी दुसऱ्या दिवशीं जालन्याची गाडी धरली.

गेल्यावर प्रथम मीं भाचीस सांगितलें कीं, लगामाची गोष्ट मागाहून, आधीं तोंड पाहूं. घोड्याच्या तोंडाची रचना ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं येथें थोडें विस्तारानें लिहितों. घोड्याचे पुढचे कुरतडण्याचे दांत आणि मागच्या दाढा यांच्यामध्यें बरीच मोकळी जागा असते. याच जागेंत लगामाचा लोखंडी भाग बसतो. त्या भागास जुन्या मराठींत कडियाळें असें नांव आहे. संस्कृतांत त्यालाच खलीन म्हणत. ही मोकळी जागा जणूं लगामासाठींच देवानें ठेवली आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु तेथें खालच्या जबड्याचें हाड धारेसारखें अरुंद असतें आणि त्यावर हिरडीचें अगदीं पातळ आवरण असतें. आपल्या नडगीवर काठी बसली म्हणजे कसें होतें तें आठवावें. तसाच कांहीं प्रकार तेथें होतो. शिवाय लोखंडाखालीं जीभ दाबली जाते. ज्याचा हात हलका आहे त्याच्या घोड्यास यांतलें फारसें कांहीं जाणवत नाहीं, आणि असे हलक्या हाताचे स्वार जगांत पुष्कळ आहेत. तेव्हां कडियाळें म्हणजेच क्रौर्य असें माझें म्हणणें नाहीं. तथापि जेथें हात जड आहे, किंवा तोंड आधींच दुखत आहे, तेथें तें लोखंड क्षणोक्षणीं शिक्षा करीत राहतें आणि ही शिक्षा कशाबद्दल आहे तें जनावरास कळत नाहीं.

दुखण्याचें मूळ पुष्कळदां दांतांतच असतें. घोड्याच्या दाढा जन्मभर हिरडींतून वर येत राहतात. वर्षास सुमारें दोन-तीन मिलिमीटर वर यावें आणि चारा चघळण्यांत तेवढेंच झिजावें असा निसर्गाचा हिशेब आहे. पण वरचा जबडा खालच्यापेक्षां रुंद असल्यामुळें झीज सारखी होत नाहीं. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आंतली कड धारदार होते, आणि लगामाच्या पट्ट्यानें गाल आंत दाबला गेला कीं ती धार गालास कापते. कित्येक घोड्यांस पहिल्या दाढेच्या पुढें एक लहानसा निरुपयोगी दांतही असतो. इंग्रजींत त्यास लांडग्याचा दांत म्हणतात. लोखंड त्यावर आपटलें कीं घोडा मान फेंकणारच.

जालन्याहून आलेल्या पशुवैद्यांनीं चांदणीस गुंगीचें औषध देऊन, तोंड उघडें ठेवण्याचें साधन लावून, आंत दिवा धरला. आम्हीं सर्वांनीं पाळीपाळीनें पाहिलें, मेहुण्यांनींही. वरच्या दाढांच्या कडा कानशीसारख्या झाल्या होत्या. आंतून गालावर दोन व्रण होते. तो लहान दांत उजव्या बाजूस होता. आणि डाव्या बाजूच्या मोकळ्या हिरडीवर जुन्या जखमेची पांढरी खूण होती. ती खूण आमच्या घरची नव्हती, बाजारांतून तिच्याबरोबरच आलेली होती. मेहुणे कांहीं बोलले नाहींत. फक्त घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. वैद्यांनीं दाढा घांसून साफ केल्या, तो लहान दांत काढला आणि तीन आठवडे तोंडांत कांहीं घालूं नये असें बजावलें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं घोडा असेल त्यांनीं लगामाच्या दुकानीं जाण्यापूर्वीं वर्षांतून एकदां हा खर्च करावा. दांत दुखत असतां लगाम बदलणें म्हणजे पायांत कांटा तसाच ठेवून जोडा बदलण्यासारखें आहे.

चाबुकस्वाराच्या कांटेरी लगामाचा निकाल त्याच दिवशीं लागला. त्याच्याशीं वाद घालावा लागला नाहीं. त्यानें स्वतःच तो व्रण पाहिला. तरीही एक गोष्ट सर्वांस ठाऊक असावी. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० सालीं झाला आणि त्याखालीं १९६५ सालीं ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीं जे नियम झाले त्यांत कांटे, गांठी किंवा टोंकें असलेला लगाम वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. असें असूनही लग्नाच्या वरातींत नाचणाऱ्या घोड्यांच्या तोंडांत हे लगाम अजून दिसतात. आपल्या घरीं कार्य निघेल तेव्हां घोडा ठरवितांना त्याच्या तोंडांत काय आहे तें यजमानानें एकदां पाहावें. बँडाची बिदागी ठरवितांना आपण जितकी चौकशी करतों तितकीही या कामीं लागत नाहीं.

खरा वाद झाला तो रात्रीं जेवतांना. तीन आठवड्यांनंतर काय, असा प्रश्न निघाला. हिरडी भरून येईल, पण हळवी राहील, म्हणून कांहीं काळ तरी कडियाळ्यावांचूनचा लगाम वापरावा असें मी म्हणालों. मेहुण्यांनीं पाटावरूनच हात हलविला.

"अहो, हें शिवार कोणतें आहे तें तरी लक्षांत घ्या. असई इथून लांब नाहीं. तिथें हजारों घोडे होते. त्यांतला एक तरी दोरीवर होता काय?"

दाजींचा इतिहासाचा विषय. मला जपूनच उत्तर द्यावें लागलें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबांत शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीचें इंग्रजी सैन्य यांची गांठ पडली, ती याच भागांत. त्या दिवशीं खुद्द वेलस्लीचा एक घोडा गोळीनें पडला आणि डायोमेड नांवाचा दुसरा भाल्यानें जखमी झाला. पुढें जालना हें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचें ठाणें झालें. या भूमीनें घोडे पुष्कळ पाहिले यांत शंका नाहीं.

"दाजी," मी म्हणालों, "त्या स्वारांच्या एका हातांत भाला किंवा तरवार होती. घोडा एकाच हातानें, एका क्षणांत, तोफेच्या तोंडासमोर वळवावयाचा होता. म्हणून त्यांस जोराचें कडियाळें लागे. आपल्या मुलीचे दोन्ही हात मोकळे आहेत, आणि तिला मोसंबीच्या बागेपर्यंत जाऊन परत यावयाचें आहे. लढाईचें हत्यार घरांत कशाला?"

ताई वाढतां वाढतां म्हणाली, "आमच्या माहेरीं गडी घोडी नदीवर नेत तेव्हां नुसती मोहरकीच असे कीं." त्या एका वाक्यानें जें काम झालें तें माझ्या व्याख्यानानें झालें नसतें. खरोखर ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची आहे. खेडेगांवांत मुलें घोड्यास पाण्यावर नेतात तीं नाकावरून गेलेल्या दोरीच्या मोहरकीवर, आणि येतांना त्याच दोरीवर त्याच्या पाठीवर बसून येतात. प्राचीन काळीं उत्तर आफ्रिकेंतील नुमिडियन स्वार लगामावांचून घोडे पळवीत अशी त्यांची ख्याती होती आणि हॅनिबॉलनें त्यांच्या बळावर रोमन सैन्यास जेरीस आणलें. आज ज्यास हॅकमोर म्हणतात तो शब्द स्पॅनिश हाकिमा या शब्दावरून आला, आणि तो स्पेनमध्यें गेला अरबांच्या भाषेंतून. एवंच, आपल्या मोहरकीचीच भावंडें देशोदेशीं पसरलीं आहेत; दुकानदार तीं नव्या नांवानें विकतो इतकेंच.

आतां भाचीच्या मूळ प्रश्नाकडे वळतों. कडियाळ्यावांचूनचे लगाम मुख्यतः चार प्रकारचे आहेत आणि त्या चोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

पहिला सर्वांत साधा. नाकावर एक पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक कडी. वागा त्या कड्यांस बांधावयाच्या. यास साइडपुल म्हणतात. डावी वाग ओढली कीं नाक डावीकडे येतें. अर्थ सरळ, जोर जितका हाताचा तितकाच, आणि हात ढिला केला कीं दाब त्याच क्षणीं जातो. थांबण्याची खूण मात्र यांत सौम्य असते, म्हणून घोड्यास आधीं शिकवावें लागतें.

दुसऱ्या प्रकारांत वागांना जोडलेले पट्टे जबड्याखालीं फुलीप्रमाणें एकमेकांवरून जाऊन कानांमागें चढतात. हा प्रकार अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाचे पशुवैद्य रॉबर्ट कुक यांनीं पुष्कळ लोकप्रिय केला. एक वाग ओढली कीं दाब विरुद्ध बाजूच्या गालावर येतो आणि डोकें ढकलल्यासारखें वळतें. दाब नाक, गाल, जबडा आणि मस्तक यांवर वांटला जातो हा याचा गुण. पट्टे घासून अडकले तर हात ढिला केल्यावरही दाब लगेच सुटत नाहीं हा दोष.

तिसरा बोसाल. कच्च्या चामड्याच्या वादीनें विणलेलें कडें नाकावर बसतें आणि त्याच्या खालच्या गांठीस जाड दोरीच्या वागा असतात. मेक्सिको व कॅलिफोर्निया येथील गुराखी यावर तरुण घोडे तयार करतात. हा सतत ओढण्याचा लगाम नव्हे, क्षणभर स्पर्श करून सोडण्याचा आहे. मुरलेल्या हातांत तो उत्तम. नवशिक्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

चौथा यांत्रिक हॅकमोर. नाकावर पट्टा, हनुवटीखालीं साखळी आणि दोन्ही बाजूंस लोखंडी दांड्या. येथें लोखंड तोंडांत नसून बाहेर आहे एवढाच फरक. दांडीचा खालचा भाग वरच्याच्या तिप्पट लांब असेल तर तरफेच्या नियमानें हाताचा ओढा साखळीवर सुमारें तिपटीनें पोंचतो. उधळणाऱ्या घोड्यासाठीं दुकानांत बहुधा हाच पुढें केला जातो, आणि तोंडांत कांहीं नाहीं म्हणून भोळा गिऱ्हाईक त्यास दयाळू समजून घरीं नेतो. जड हातांत हा कित्येक साध्या कडियाळ्यांपेक्षांही कठोर आहे.

येथेंच मला या लेखांतील मुख्य इशारा द्यावयाचा आहे. तोंडांतून लोखंड काढून आपण तो दाब नाकावर नेतों; तो नाहींसा करीत नाहीं. नाक दाबलें कीं तोंड उघडतें अशी आपल्याकडे म्हण आहे, परंतु ती माणसाची म्हण आहे. घोड्यास तोंडानें श्वास घेतां येत नाहीं. त्याचा सारा श्वास नाकानेंच चालतो. त्याच्या नाकाचें हाड खालीं येतां येतां निमुळतें आणि पातळ होतें, आणि शेवटीं तें संपून नुसता मऊ भाग राहतो. पट्टा त्या मऊ भागावर उतरला तर घोडा गुदमरेल, आणि पातळ टोंकावर रोज जोरानें दाबला तर हाडास इजा होईल. ज्यांच्या गोठ्यांत बैल आहे त्यांस वेसणीची एक ओढ काय करते तें सांगावयास नको.

म्हणून पट्टा बसवितांना पुढील गोष्टी पाहाव्या. डोळ्याखालून गालावर हाडाची जी उंच कड येते ती जेथें संपते त्याच्या खालीं सुमारें दोन बोटांवर पट्टा असावा. त्याच्याखालीं हाताला कठीण हाड लागलें पाहिजे. पट्टा रुंद असावा, आंतून बनात किंवा मेंढीचें कातडें असावें, शिवण आंत टोंचूं नये. पट्टा आणि नाक यांमध्यें दोन बोटें सहज गेलीं पाहिजेत. पण इतका सैलही नसावा कीं एक वाग ओढतांच गालाचा पट्टा डोळ्यांत जाईल. स्वारी झाल्यावर रोज पट्टा काढून त्वचेवरून बोट फिरवावें. केस झडलेले किंवा जागा ऊन लागली तर दोन दिवस स्वारी बंद. सामान उत्तम असून बसविणें वाईट असेल तर त्या उत्तम सामानाचा कांहींएक उपयोग नाहीं.

आमची निवड सरळ झाली नाहीं हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. माझा कल दुसऱ्या, फुलीच्या प्रकाराकडे होता; दाब वांटला जाईल आणि मेहुण्यांसही थोडा धीर येईल असा माझा विचार. भाचीनें तो मागविला. चांदणीनें तो मुकाट्यानें घालून घेतला, पण थांबविण्यासाठीं वागा ओढल्या कीं ती थांबण्याऐवजीं मान खालीं घालून पुढें रेटूं लागे. चार दिवसांनीं कारण सांपडलें. आपलें ऐकून ती थांबली तरी पट्टे लगेच ढिले पडत नव्हते, आणि थांबल्याचें बक्षीस तिला मिळत नव्हतें. माझा अंदाज चुकला होता. मग भोकरदनच्या एका चामड्याचें काम करणाऱ्या कारागिराकडून जुन्या मोहरकीच्याच मापानें पहिल्या प्रकारचा लगाम करवून घेतला: रुंद पट्टा, आंत बनात, दोन पितळी कड्या. तिसऱ्या दिवशीं घोडीच्या कानांची हालचाल बदलली. ज्यांनीं घोडे पाळले आहेत त्यांस यापरतें अधिक सांगावयास नको.

तरीही पहिले दहा दिवस भाचीस पाठीवर बसूं दिलें नाहीं. अंगणांत, जमिनीवर उभें राहून, रोज पंधरा मिनिटें चारच धडे: थांब, डावीकडे, उजवीकडे, दोन पावलें मागें. नाकावर दाब आला कीं घोडीनें त्यास वाट द्यावयाची, आणि तिनें दिली त्याच क्षणीं हात ढिला करावयाचा. हा ढिलेपणा म्हणजेच तिचें बक्षीस, आणि हाच साऱ्या विद्येचा गाभा आहे. ओढणें कोणासही येतें. सोडणें शिकावें लागतें. माझी भाची हुशार मुलगी, पण तिचाही हात सुटावयास वेळ लागला. त्यानंतर बंद कुंपणांत चाल, मग दुडकी, आणि डोक्यावर टोप घातल्यावांचून कधींही नाहीं. उधळण्याचा रंग दिसतांच दोन्ही वागा ओढीत न बसतां एकाच वागेनें मोठें वर्तुळ घेऊन तें हळूहळू लहान करावें, हेंही तिनें पुनःपुन्हां गिरविलें. कारण सरळ पळणाऱ्या घोड्यास नाकावरील पट्टा थांबवूं शकत नाहीं, आणि खरें पाहतां तोंडांतलें लोखंडही थांबवूं शकत नाहीं. बांधावर तिच्या तोंडांत लोखंडच होतें ना?

एका सकाळीं रस्त्यावरून ट्रॅक्टर जातांना त्याचा मोठा आवाज झाला आणि चांदणी दचकून पळाली. मेहुणे ओट्यावरून उठून उभे राहिले. भाचीनें एक वाग धरली, घोडी वर्तुळांत आली, आणखी एक फेरा झाला आणि ती थांबली. धापा टाकीत, पण तोंड मिटून. दहा-बारा ढांगांचा प्रसंग, पण त्या दहा-बारा ढांगांत त्या घरचा निर्णय हेलकावे खात होता. मेहुणे कांहीं न बोलतां पुन्हां बसले आणि त्यांनीं वर्तमानपत्र उचललें. तें उलटें धरलें होतें असें ताई सांगते.

आतां मर्यादाही लिहितों. भाचीस पुढेंमागें स्पर्धेंत उतरावयाचें आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेंत असे लगाम चालतात, पण ज्यास ड्रेसाज म्हणतात त्या शिस्तीच्या स्वारींत कडियाळें लागतेंच. तेव्हां हिरडी पुरती बरी झाल्यावर, एखादें गुळगुळीत कडियाळें, हलक्या हातांत, चांदणी कदाचित् पुन्हां स्वीकारील. न स्वीकारील तर ती बागेची घोडी राहील. शिवाय ज्याचा घोडा केवळ खोडकर किंवा अशिक्षित आहे त्यास लगाम बदलून कांहीं साधावयाचें नाहीं. त्यास शिक्षण द्यावें. ज्याचा घोडा एकाएकीं हळवा झाला आहे त्यानें आधीं वैद्य गांठावा. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यास दवाखाने आहेत. आणि ज्याचा हातच जड आहे त्यानें कोणताही लगाम घेतला तरी घोड्यास तो सारखाच.

मार्गशीर्षांत माळेगांवची यात्रा आली. मेहुणे गेले, पण चांदणी घरींच राहिली. परत आले तेव्हां त्यांच्या पिशवींत सुती दोरीची एक विणलेली, लाल गोंड्यांची मोहरकी होती. घोडी विकावयाची हें त्यांचें म्हणणें अजून कायम आहे; केव्हां, हें मात्र ते आतां सांगत नाहींत.

परवां भाचीचें पत्र आलें. तिनें लिहिलें आहे कीं, सकाळीं लगाम घेऊन गेलें म्हणजे चांदणी स्वतःच नाक पुढें करते. मीं तें पत्र दोनदां वाचलें आणि माझ्या विशींतला तो घोडा मला आठवला. त्यानेंही आरंभीं मान झटकूनच मला सांगितलें होतें. जो लवकर दुखावतो त्यास आपण नाजूक म्हणतों, खोडीचा म्हणतों, आणि जो ओरडेनासा होतो त्यास शहाणा म्हणतों. घोड्यांपुरती ही चूक मला उतारवयांत कळली. घरांतल्या माणसांविषयीं वेगळें लिहावयास हवें असें नाहीं. वाचक सुज्ञ आहेत.